वाजवी वापर

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय बाळासाहेब, व्यासपीठावरचे मंडळाचे सर्व पदाधिकारी, सत्कारमूर्ती प्रकाशदादा, सिटीवेस्ट आणि ब्लँचर्डस्टाउनहून एवढ्या पावसात गाडी चालवत स्लायगोला आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आणि मागच्या खुर्च्यांवरून 'व्हेन इज द फूड' असं विचारणाऱ्या बाळगोपाळांनो, आपणा सर्वांना सविनय नमस्कार.

मी वीणा. इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते आणि प्रकाशदादांची शेजारीण आहे. मला भाषणाची सवय नाही. अध्यक्षांनी पाच मिनिटं दिली आहेत आणि घड्याळ काढून समोर ठेवलं आहे. बाळासाहेब, ते घड्याळ जरा पालथं घाला. आज थोडं जास्त होईल.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी सांगितलं की दादा 'मायभूमीच्या ओढीने' नागपूरला परत चालले आहेत. वाक्य छान होतं. पण खरं तसं नाही, हे इथल्या अर्ध्या लोकांना माहीत आहे आणि उरलेल्या अर्ध्यांना कळायला हवं. मी बोलू का, असं काल दादांना विचारलं. ते म्हणाले, "बोल. नाहीतर सगळ्यांना वाटेल मला तिकडे मोठी नोकरी लागली."

दादांचा जुना फोन आपल्यापैकी कोणी पाहिला नाही? काच तडकलेली, बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलेलं, त्याला रबरबँड. आपण सगळ्यांनी त्याची किती थट्टा केली! कोणी त्याला म्युझियम म्हणायचं, कोणी दादांना चिक्कू म्हणायचं. दर वर्षी मोबाइल कंपनीचा फोन यायचा की तुम्हाला नवा हँडसेट लागू झाला आहे. दर वर्षी दादा म्हणायचे, नको. हा माणूस 'नको' का म्हणतो, हे आपण कधी विचारलं का?

त्या फोनवर एक जुना प्लॅन होता. दादा या देशात आले तेव्हाचा. अनलिमिटेड डेटा, आणि तो खरोखरच अनलिमिटेड. असे प्लॅन कंपनीने केव्हाच बंद केले, पण ज्यांच्याकडे होते त्यांचे चालू ठेवले. अट एकच, खात्यात काही बदल करायचा नाही. हँडसेट अपग्रेड केला की जुना प्लॅन गेला, तो कायमचा.

आणि त्या प्लॅनवर दादांची आई होती. आमच्या माई.

माई नागपूरला. विसरायचा आजार. त्यांना इथे आणायला दादांनी दोनदा अर्ज केला, दोनदा नकार आला. मग त्यांनी एक युक्ती काढली. माई दिवसरात्र असायच्या त्या बाहेरच्या खोलीत एक टॅबलेट भिंतीला लावला, सांभाळणाऱ्या शोभनाबाईंना शिकवलं, आणि व्हिडिओ कॉल लावला. तो बंदच केला नाही. सकाळी, दुपारी, रात्री, गाडीत, ऑफिसात, स्वयंपाक करताना, झोपतानासुद्धा. आमच्या रस्त्यावर इंटरनेटची केबल येणार म्हणून तीनदा खड्डे खणून झाले, केबल काही आली नाही. त्यामुळे जे काही होतं ते त्या फोनवरच. दादांच्या किचनमध्ये वरच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, कपबश्यांपुढे तो फोन उभा असायचा. मी साखर मागायला गेले की आतून आवाज यायचा, "कोण आलं रे?" मी सांगायचे, "मी वीणा, माई." त्या म्हणायच्या, "बस बाई. तो काय करून राहिला? जेवला का?"

ते फार बोलायचे नाहीत एकमेकांशी. एका घरात राहणारी माणसं कुठे फार बोलतात? माईंच्या लेखी दादा परदेशात नव्हतेच. आतल्या खोलीत होते. शेजारणी आल्या की माई त्यांना दटावायच्या, "हळू बोला, आत पोरगा काम करून राहिला."

आता गेल्या गणपतीचं सांगते. मी तेव्हा कोल्हापूरला भाचीच्या बारशाला होते. समितीने ठरवलं की दादांनी मंडळाची इतकी वर्षं सेवा केली, त्यांचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, आणि गुपचूप एक नवा फोन! जुन्या ग्राहकाला अपग्रेडमध्ये तो निम्म्या किमतीत मिळत होता. आकाश आपला चिटणीस, हुशार मुलगा. "दादा, फोन द्या, फोटो काढतो," म्हणून त्याने फोन घेतला, आलेला कोड टाकला, परत दिला. दुकानातल्या मुलीने सांगितलं, "यू विल बी ग्रँड," म्हणजे काही काळजी नको. नुसता फोन विकत आणून जुनंच सिम घातलं असतं तरी प्लॅन राहिला असता. पण सॉफ्टवेअरवाल्या आपल्या लोकांना सवलत दिसली की दुसरं काही दिसत नाही.

आकाश, मान वर कर. तू प्रेमाने केलंस, हे दादांनाही माहीत आहे. म्हणूनच तर त्यांना धड रागावताही आलं नाही.

त्या दिवशी याच व्यासपीठावर दादांच्या खांद्यावर शाल घातली. वरच्या खिशातून डोकावणाऱ्या फोनमधून माई बघत होत्या. सभागृहाने टाळ्या वाजवल्या तशा नागपुरात त्यांनीही वाजवल्या. शोभनाबाईंनी मला नंतर सांगितलं, किती तरी दिवसांनी त्या इतक्या खुश दिसल्या. आणि तेवढ्यात आपण इथे नवं सिम सुरू केलं.

नवा प्लॅनही अनलिमिटेडच आहे बरं का. फक्त खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'वाजवी वापरापुरता'. महिना सरत आला की वेग मरतो आणि चित्र थिजतं. दादांनी कंपनीला किती फोन केले, किती पत्रं लिहिली! उत्तर एकच, तो प्लॅन आता सिस्टीममध्येच नाही. मला कंपनीला एकच विचारायचं होतं. आईजवळ असण्याचा वाजवी वापर किती असतो हो?

एका दुपारी दादांचं चित्र, हातात डाव धरलेलं, तसंच थिजलं. माई बराच वेळ त्याला जेव जेव म्हणत होत्या. मग उठल्या आणि आतल्या खोलीत बघायला गेल्या. तिथे पलंग होता, गाद्या होत्या. मुलगा नव्हता. शोभनाबाई गच्चीवर कपडे काढायला गेल्या होत्या. माई त्याला शोधत रस्त्यावर गेल्या, त्या संध्याकाळी दूधवाल्याच्या दुकानात सापडल्या. लागलं काही नाही. पण आतली खोली रिकामी आहे, हे त्यांना कळलं. बाकी सगळं विसरतात, हे मात्र विसरत नाहीत.

नाताळात दादा तातडीने नागपूरला गेले, आईसमोर जाऊन बसले. माईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बसा. पोरगा बाहेर गेला आहे, येईलच."

मला वाईट वाटतं, आणि रागही येतो. कोणाचा, ते कळत नाही.

तर दादा चालले आहेत ते असे. तिकडे जाऊन ते काय करणार आहेत, हे त्यांनी काल चहा पिताना सांगितलं. समोर बसलेल्या माणसाला माई ओळखत नाहीत. टॅबलेटमधल्याला कधी कधी ओळखतात, कधी तोंड फिरवतात. म्हणून दादा आतल्या खोलीत दार लावून बसणार, आणि तिथून बाहेरच्या खोलीतल्या टॅबलेटवर आईला कॉल लावणार. मागे दिसायला हव्यात म्हणून इथल्या कपबश्या बॅगेत भरल्या आहेत. उपयोग होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. दादाही म्हणत नाहीत.

अध्यक्ष महाराज, आवरते. हॉल देणाऱ्यांचे, स्वयंपाकघरात राबणाऱ्यांचे आणि तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आकाश, तुझेही. मी रागाच्या भरात काही वावगं बोलले असेन, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर घरचीच आहे म्हणून सांभाळून घ्या.

आणि एक विनंती. आता दादांना शाल देताना कोणी टाळ्या वाजवू नका. गेल्या वेळी माईंनीही वाजवल्या होत्या.