विहाराच्या पत्र्यांचे बोल्ट

अरे, माझ्या थोरल्या बहिणीचं, कमलअक्काचं ऐकलं म्हणून वाचलो! पेडगावात आमी नव्या विहारावर पत्रे टाकायलो होतो. मी म्हणालो, "खिळ्यानं भागतंय की!" अक्का म्हणाली, "वादळात खिळा उपटून येतो. आकड्याचे बोल्ट आण, ते खालच्या लोखंडाला धरून बसतात." आणले.

उन्हाळ्यात तिच्याच पोरीचं लग्न निघालं आणि ऐन वेळेला वादळ सुटलं! मांडव उडाला, सगळं वऱ्हाड विहारात घुसलं. वर गारा धडाधड पडायल्या, पण एक पत्रा हलेना! नवरदेवाचा बाप लय घाबरला. "विहीणबाई, छत जातंय, छत धरा!"

अक्का दारातून ओरडली, "छताला बोल्ट हायेत! तुमी नवरदेवाला धरा, उडालेल्या फेट्यामागं पळायलाय!"