दोन हात पट्टी

लेक: आणि हा कोपरा रिकामा कसा? शिलाईची मशीन कुठाय, आई?

आई: दिली.

लेक: दिली? कुणाला?

आई: इस्त्रीवाल्याच्या सुनेला. काल उचलून नेली. आठवड्याला तेल घाल म्हटलंय, ऐकेल तर शपथ.

लेक: अगं, झाकण उघडू द्यायची नाहीस कुणाला! तिच्यावर आम्हाला वाढवलंस, आणि देऊन टाकलीस?

आई: सोमवारपासून तू कामावर जाणार, ठकी माझ्याकडे राहणार. म्हटलं, लहान पोर घरात, नकोच ती.

लेक: मी तेच सांगायला आले होते. ठकीचं नाव पाळणाघरात घातलंय.

आई: असं.

लेक: बोल ना काहीतरी.

आई: काय बोलू? आजी धडधाकट, घर दोन गल्ल्यांवर, आणि नात परक्यांकडे. मशीन नडत होती तर ती गेली की आता.

लेक: मशीन नव्हती नडत. पट्टी नडत होती.

आई: कसली पट्टी?

लेक: आता वेड पांघरू नकोस. दोन हात लांब होती. एक टोक मशीनच्या पायाला, एक माझ्या. चौथं लागेपर्यंत! खिडकीशी पोचायला एक फरशी कमी पडायची मला. बायका फ्रॉकची मापं द्यायला आल्या की म्हणायच्या, "काय म्हणतंय दावणीचं वासरू?" तूही हसायचीस.

आई: गिऱ्हाईक हसलं की हसावं लागतं.

लेक: दादाला नाही कधी बांधलंस.

आई: नाही.

लेक: मुलगा ना तो!

आई: जिभेला काही हाड? त्याचं बोट बघितलंयस ना, अर्धं?

लेक: दारात चेमटलं होतं ते.

आई: तसं सांगितलंय त्याला. तुलाही.

लेक: म्हणजे?

आई: खाली मोठं चाक असतं ना, त्यात गेलं. रांगत कधी आला, कळलंच नाही. मला कॉलर संपवायची घाई. पायडलवर पाय माझाच होता.



लेक: दादाला अजून ठाऊक नाही?

आई: आणि तूही सांगू नकोस. त्याच्यावर शिकले ते तुझ्यावर वापरलं. तुझी दहाच्या दहा शाबूत आहेत, मोजून घे.

लेक: मला तरी सांगायचंस, आई.

आई: काय सांगू? तुझ्या भावाचं बोट मी घेतलं म्हणून? एकाला मोकळं सोडलं, तो अधू झाला. दुसरीला जवळ बांधलं, ती लांब गेली. तिसरं झालं असतं तर कदाचित जमलं असतं मला.

लेक: असं नको गं बोलू.

आई: बरं, राहिलं. मग आता तरी ठेवशील ठकीला?

लेक: नाही.

आई: वाटलंच. म्हणून तर पस्तीस वर्षं तोंड उघडलं नव्हतं.

लेक: राग नाही गं. भीती वाटते.

आई: राग परवडला असता. किती पोरं आहेत तिथं?

लेक: चौदा.

आई: आणि सांभाळायला?

लेक: दोघी.

आई: मग चौदा पोरं एका जागी बसतात कशी?

लेक: छोट्या खुर्च्या असतात त्यांच्या. कमरेला पट्टा असतो.

आई: हं.

लेक: मऊ असतो तो.

आई: माझीही मऊच होती. चांगला म्हणावा असा एकच रेशमी कपडा होता मला, तो फाडून केली होती.

लेक: हे कधी बोलली नाहीस.

आई: तो पट्टा उलटून बघितलास का? शिवण आतल्या अंगाला असेल तर काचते. आणून दे, नीट करून देते.

लेक: मशीन तर दिलीस ना?

आई: हातानं घालीन टीप.