पहिल्या गटाला काहीच नाही

जांभळाच्या बियांनी साखर उतरते का, असं कोणी विचारलं की मला आधी माझी बायको सुनंदाच आठवते. मधुमेह झालेल्या उंदरांवर मी कॉलेजात तोच प्रयोग करत होतो. दुसऱ्या गटाला बियांचा अर्क, तिसऱ्याला अर्क आणि रोज अर्धा तास फिरत्या पट्ट्यावर चालणं. पहिल्या गटाला काहीच नाही, तो फक्त तुलनेसाठी.

एकदा मी डबा विसरलो, म्हणून ती तो घेऊन थेट प्रयोगशाळेत आली. चालणारे उंदीर बघून म्हणाली, "अजी, याहिले रोज फिरवता?"

"रोज. रविवारीही."

"अन एखाद दिवस नाही फिरवलं तं?"

"प्रयोग वाया जातो."

"मंग माहा गट कोन्ता?"

तिलाही मधुमेह होता. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण आर्णी रोडवरच्या कुत्र्यांना भिऊन ती एकटी निघत नसे.

मी म्हणालो, "तू पहिल्या गटात." माझे विद्यार्थी हसले. तीही हसली.

त्यानंतर संध्याकाळी मी घरी पोचलो की ती चपला घालून दारात उभी असायची. "चला सर, पहिल्या गटाले फिरवून आना."

"आज दमलो गं. उद्या नक्की."

तिसऱ्या गटाची साखर खरंच उतरली. सुनंदाला जाऊन आता दोन वर्षं झाली. मी रोज अर्धा तास चालतो, रविवारीही. ती कुत्री रस्त्यातच पडलेली असतात. अगदी जवळून गेलो तरी मानसुद्धा वर करत नाहीत.