दर पाचवं घर

तुमच्या पोरीचं समर ट्रेनिंग कॉम्प्युटरवर चालतं, आमचं दारोदार चालायचं. मी स्टॅटिस्टिक्सला होतो. नव्वदच्या आसपास, मे महिन्यात, अंबरनाथ एमआयडीसीमागच्या एका चाळीत आम्हाला खोकल्याचा सर्व्हे दिला होता. आदल्या दिवशीच मी चाळीत सांगून आलो, "आम्ही फक्त दर पाचव्या घरात विचारणार."

सकाळी पाचव्या घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. जो तो खोकत होता.

"मावशी, घरात माणसं किती?"

"आम्ही तिघंच. बाकीचे चाळीतले. त्यांच्याकडे तुम्ही जाणार नाही ना, म्हणून इथेच बोलावून घेतले."

"पण आम्ही औषध देत नाही हो, फक्त मोजतो."

कोपऱ्यातले आजोबा खोकला आवरत म्हणाले, "नुसतं मोजायचंय, तर घरं कशाला गाळता?"