तीन बोटांची लावी

(मुरबाडच्या वाटेवरची ठाकरवाडी, १९३९चा भादवा. बाईजाच्या मांडीवर झाकलेली टोपली, उंबऱ्यावर तिचा नवरा नवशा, समोर मुंबईच्या संग्रहालयात पाखरं सोलून कातड्यात कापूस भरणारा महादू.)

महादू : मामी, द्या ना टोपली आता. आमच्या संग्रहालयाचा साहेब तिकडं वाट बघतोय.

बाईजा : बघूंदे. ह्यात कोन हाय ते सांग आधी.

महादू : कोण म्हणजे? लावी. मादी. मामांनीच सकाळी अंड्यांवरनं उचलून आणली.

बाईजा : ऐकलं का? मादी म्हनं!

नवशा : त्याला काय ठावं. ममईत कुठली लावी दिसनार.

महादू : अहो मामा, मी धसईचाच आहे. सहा वर्षं हेच काम करतोय. अंड्यांवर बसते ती मादी. आणि परवा तुम्ही फाशात धरलात तो मोठा, काळ्या गळ्याचा, तो नर. झाली जोडी! नराची चिठ्ठी लिहून त्याच्या पायाला बांधली, साहेबाला दाखवलीसुद्धा.

बाईजा : दाखवलीस? मंग झालं कल्यान!

महादू : का हो?

बाईजा : त्याचं कातडं तू ठेवलंस, मास आमाला दिलंस. मी चिरलं. ह्या पानात काय गुंडाळलंय, उघड.

महादू : हे... हे तर अंडं आहे.

बाईजा : आनि त्याच्या मागं?

महादू : बारकी बारकी पिवळी... लडच आहे अंड्यांची. हे त्याच्या पोटात होतं?

बाईजा : त्याच्या नाय, तिच्या. तुझा नर त्याच दिशी अंडं घालनार व्हता, पोरा!

महादू : आईशपथ! मी आत बघितलंच नाही हो. एका दिवसात बारा पाखरं सोलायची, म्हटलं काळा रंग म्हणजे नरच. मागं भिवंडीकडं काळ्या छातीचा लावा सोलला, तो नर निघाला होता.

नवशा : त्याला बोटं किती व्हती?

महादू : पायाला? चार. तीन पुढं, एक मागं.

नवशा : आता ह्याचा पाय बघ. दाव गो त्याला.

महादू : तीनच! मागचं बोट नाहीच की!

नवशा : ती जात येगळी, ही येगळी. चार बोटांच्यात बाप्या नटतो, बाप्या वरडतो. तीन बोटांच्यात समदा कारभार बाईचा. तीच मोठी, तीच नटलेली. पाऊस उघडला का गवतात अशी घुमते, वाटतं लांब कुठं ढोल वाजतोय. आमी एक लावी पिंजऱ्यात ठेवतो, का तिचा आवाज ऐकून दुसरी भांडायला आलीच. पिसं फुगवून, मान ताठ करून! बाप्ये आपले बाजूला गप उभे.

बाईजा : अंडी घालते चार, म्हनते धर रं बाबा, आनि चालली दुसऱ्या दादल्याकडं.

महादू : आणि हा?

नवशा : हा बसतो. बारा-तेरा दीस. पिल्लंबी हाच फिरवतो. सकाळी मी हात नेला तर हालला नाय, वर माझ्या बोटाला चोच मारली. एवढासा जीव, मुठीत मावतो, आनि मलाच दटावतो! धरला खरा, पन तवापासनं मन खातंय.

महादू : कमाल आहे, मामा! साहेबाच्या इंग्रजी पुस्तकात असेलही हे, पण साहेब सापांचा जाणकार. पाखरं त्यानं माझ्या भरवशावर सोडलीत, आणि मी त्याला असा नर दाखवला! जाऊ दे. जोडी तर तीच राहते, चिठ्ठ्या फक्त उलट्या करायच्या. आणा टोपली.

बाईजा : नाय देनार.

महादू : मामी! लढाई लागली, साहेब उद्या विलायतेला निघाला. जाण्याआधी माझ्या पक्क्या नोकरीचं पत्र लिहिणार आहे. जोडी पुरी कर म्हणालाय. एक तर चूक कबूल करायची, वर रिकाम्या हातानं?

बाईजा : आनि ह्याला मारलास तर अंडी कोन उबवल? ती तर दुसऱ्याकडं गेली. पाखरासंगट आनलेली ही अंडी बघ, सकाळपासनं कमरेशी धरून बसलेय, खुडूक कोंबडीवानी. अजून ऊन हायत.

महादू : दुसरा एखादा नर...

बाईजा : दुसरा कोन नाय. हाच. ह्या मानसाकडं बघ. माझी भागी दीड वरसाची, तवा मी कसाऱ्याला रेल्वेची खडी फोडाया जायची, आठ-आठ दीस. ह्यानं भरवली, ह्यानं निजवली. वाडी फिदीफिदी हसायची, नवशाला पान्हा फुटला म्हनायची. ह्याला तवा कोनी उचलून नेला असता तर?

नवशा : पुरे गो. त्या पोराच्या नोकरीचंबी बघ.

बाईजा : नोकरी मोठी हाय, मला काय कळत नाय? पन मला ह्या पाखराचं लय कवतिक वाटतं, महादू. आता घे टोपली. तुझं तू बघ.

महादू : ...घरटं कुठं आहे, मामा?

नवशा : ह्या वरीच्या शेतापल्याड, बांधावर.

महादू : चला. मामी, अंडी सांभाळून आणा.

नवशा : (बांधावर पोचून) हितं, ह्या गवताच्या बुंध्याशी. ठेव गो चारी. महादू, आता टोपली आडवी कर आनि मागं सर.

महादू : अरे अरे, पळाला! गेला, मामी! नोकरी गेली नि पाखरूही गेलं.

बाईजा : गप बस की जरा.

नवशा : हालू नको. ते गवत बघ, वारा नाय तरी हालतंय.

महादू : आला! आला हो... चोचीनं सारखी करतोय. घेतली पोटाखाली. चारी!

बाईजा : रडतोस का रं?

महादू : छे... हो, रडतोय. काय करू? एवढंसं पाखरू हो!

बाईजा : साहेबाला काय सांगशील आता?

महादू : खरं तेच. जुनी चिठ्ठी फाडीन, नवी लिहीन. 'मादी. गळा काळा. पोटात अंडी, बाईजा ठाकरीण हिनं दाखवली. नर अंड्यांवर बसलेला पाहिला. घेतला नाही.'

बाईजा : आनि त्यानं इचारलं, का नाय घेतलास, तर?

महादू : सांगेन, कामावर होता.