वाघरीला पडलेलं भोक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय बापूसाहेब, व्यासपीठावरील ज्येष्ठ डॉक्टर मंडळी, ज्यांच्या निवृत्तीमुळे आपण इथं जमलो आहोत त्या डॉ. भुवनेश्वरी येमूल मॅडम, माझे सहकारी, सगळ्या सिस्टर, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या वॉर्डातल्या मावश्या, सर्वांना माझा नमस्कार.

मी जोतिराम. तळमजल्यावरच्या लॅबमध्ये रक्त तपासतो. माझ्या आधी तीन डॉक्टर मॅडमच्या विद्वत्तेवर बोलले. त्यावर मी काय बोलणार? मी माझ्या आईबद्दल बोलतो. अध्यक्षांनी पाच मिनिटं दिली आहेत आणि घड्याळ काढून समोर ठेवलंय, हे मी पाहिलंय.

माझी आई म्हाळसाबाई. माढा तालुक्यात आमची मेंढरं आहेत. संध्याकाळी कळप परत आला की मागं ठेवलेली कोकरं ज्याच्या त्याच्या आईखाली प्यायला लावायची, हे आईचं काम. साठ-सत्तर कोकरं, सगळी काळी. आईची कधी चूक झाली नाही. आमच्यात माणसाचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे त्यावरूनच ठरवतात. त्यामुळे ती चहात मीठ घालू लागली, माहेरचं गाव विसरली, तरी वडील म्हणायचे, "कोकरू चुकती का ती? न्हाय की! मग कशाला पायजे दवाखाना?" आणि मीही मान डोलवायचो. दिवसभर दुसऱ्यांच्या आयांचं रक्त काढणारा मी! दोन वर्षं अशीच गेली. मग एका संध्याकाळी तिनं तीन कोकरं परक्या मेंढ्यांखाली लावली. मेंढ्या लाथा मारत होत्या, तरी आई कोकरं तशीच धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी तिला इथं आणलं.

'वय झालंय' असं मॅडम म्हणाल्या नाहीत. सांधे कधीपासून सुजतात, हे त्यांनी विचारलं. रक्त आणि पाठीतलं पाणी एकाच दिवशी काढलं. तपासायला माझ्याच हातात आलं. रक्तातच राहायला हवं ते प्रथिन पाठीतल्या पाण्यात भलतंच जास्त निघालं. मशिन बिघडलं असेल म्हणून मी तीनदा लावून पाहिलं. मशिन ठीक होतं.

मॅडम भवानी पेठेतल्या विणकराच्या लेक. पहिल्यांदा त्यांनी मला मागाचं उदाहरण दिलं. मला ओ की ठो कळेना. मग म्हणाल्या, "जोतिराम, मेंढरांभोवती तुम्ही जाळी लावता ना, वाघर? मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाही तशी वाघर असते. रक्तातलं नको ते ती आत जाऊ देत नाही. आईच्या शरीराची राखण करणारी कुत्रीच बिथरली आहेत. आधी त्यांनी सांधे चावले. आता वाघरीला भोक पडलंय, आणि ती आत शिरून मेंदूच्या पेशींवर तुटून पडली आहेत."

मी विचारलं, "सगळ्याच विसरणाऱ्या माणसांचं असं असतं का?"

"नाही. काहींच्यात मूळ हेच असतं, काहींच्यात आधीच्या आजारात याची भर पडते. आम्हालाही अजून पुष्कळ कळायचंय."

मग विचारू नये ते विचारलं. दोन वर्षं आधी आणलं असतं तर? मॅडम खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "जास्त वाचलं असतं. आता कुत्री बांधता येतील. गेलेली मेंढरं परत आणता येणार नाहीत."

औषधांनी आजार थांबला. तीन वर्षं झाली. आई हिंडते, जेवते, हसते. गेल्या महिन्यात चार कोकरंही तिनं बरोबर लावली. फक्त मला ओळखत नाही. मला पाव्हणं म्हणते. दर शनिवारी मी गावी जातो आणि दारात उगाच जरा वेळ उभा राहतो. मला 'जोत्या' अशी हाक हवी आहे. पन्नाशीच्या माणसानं माइकवर असं बोलू नये, पण हवी आहे.

सोमवारी लॅबच्या दारातून मॅडम एवढंच विचारायच्या, "हाक मारली का?" मी नाही म्हणून मान हलवायचो. 'मारतील हो' असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. माझ्याजवळ मिनिटभर उभ्या राहायच्या आणि वर जायच्या. मॅडम, येत्या सोमवारपासून मला हे कोण विचारणार?

आज सकाळी गावाहून निघालो तेव्हा आई उंबऱ्यावर बसली होती. पाया पडलो. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पाव्हणं, लई दिस ऱ्हायलासा हितं. आता घरला जावा. तुमची आय वाट बघत आसंल."

मॅडम, आपल्याला उदंड आयुष्य लाभो. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. आणि जेवणाला थांबत नाही, याबद्दलही माफ करा. माढ्याची गाडी गाठायची आहे. माझी आई वाट बघत असेल.