टाचणी झोपली आहे

...नाही नाही, मी काही उठत नाही, तुम्हीच दार लोटून घ्या, हळू, कडी वाजवू नका, तो कापडाचा तागा बाजूला करा आणि बसा. गिऱ्हाईक आलं आणि शिंपी जागचा हलत नाही, म्हातारा माजलाय म्हणा, चालेल. हलायचं नाही, असा हुकूम आहे. कुणाचा काय? हिचा. मांडीवर शालीच्या घडीतून दोन कान डोकावतायत ना, ते. बाकीचं कुत्रं आत आहे.

टॉय टेरियर म्हणतात याला. मुलीने घरी आणलं तेव्हा मी विचारलं, उरलेलं कुठाय? तुम्हाला सांगतो, कुत्रं म्हणजे कसं, दाराशी पसरलेलं असावं, चोराने लांबूनच वाट बदलावी. ही दाराशी पसरली तर चोराच्या बुटाखालीच यायची! पण आव पाहाल तर वाघिणीचा, समोरच्या दांडग्या कुत्र्यावर अशी तुटून पडते की तोच बिचारा ओशाळतो. पाय हे एवढे बारीक, म्हणून मी नाव ठेवलं टाचणी. मुलगी चिडली, "बाबा, तिचं नाव राजकन्या आहे." असेल. राजकन्या म्हणून हाक मारा, ढुंकून बघत नाही. टाचणी म्हणा, हजर. आता बोला.

तर मुलीला परगावी नोकरी लागली, भाड्याच्या खोलीत कुत्रं चालेना, मग "थोडेच दिवस हं बाबा" करत ही माझ्या गळ्यात. वर सूचना. जेवण थोडं थोडं, पण सारखं, कारण पोट माझ्या बोटातल्या अंगुस्तानाएवढं. नखं कापायची. दात घासायचे... कुत्र्याचे! इथे माझे स्वतःचे निम्मे पेल्यात असतात. आणि कोपऱ्यावरची ती जनावरांची डॉक्टरीण, तिने तर मला शाळेतल्या पोरासारखं समोर उभं केलं. "काका, हाडं काडीसारखी आहेत हिची. खुर्चीवरून उडी मारली तरी पाय मोडेल. मांडीवर झोपली असली की तुम्ही हलायचं नाही."

मला! जन्मभर मी गळ्यात टेप घालून लोकांना सांगत आलो, साहेब, हलायचं नाही. भलेभले न्यायाधीश हात पसरून, श्वास धरून उभे राहिले माझ्यापुढे. आणि आता माझंच माप माझ्या पदरात.

बरं, ही सारखी थरथरते. मला वाटलं थंडी. म्हणून माप घ्यायला गेलो, गळा, छाती, पाठ, तर टेपच पळवली. शेवटी झोपेत माप घेतलं आणि लोकरीचा कोट शिवला, आतून अस्तर लावून. आमची ही म्हणाली, "मला लग्नात दिलेल्या ब्लाउजला काजं करायला वेळ नव्हता यांना." कोट घातला, तरी थरथर आहेच. डॉक्टरीण म्हणते, "काका, ही थंडीने थरथरते, भीतीने थरथरते आणि आनंदानेही थरथरते." अहो, मग ओळखायचं कसं? "कळेल हळूहळू."

कळलं हो. मी बाहेर निघालो की थरथरते ती वेगळी, आणि परत आलो की वेगळी.

दुपारी उन्हाची पट्टी त्या टेबलावरून सरकत येते, मशीन गप्प असतं, मांडीवर हिची ऊब, आणि हलायचं तर नाही, मग माणसाने करावं काय? डोळे मिटतात. की आलंच स्वप्न. निळ्या कापडाचा तागा सुटलाय, उलगडत उलगडत दाराबाहेर, रस्त्यावरून, थेट टेकडीपर्यंत, आणि त्यावरून ही धावतेय, घोड्याएवढी झालीय, पाय तेवढेच बारीक, पण मोडत नाहीत हो, कितीही उंच उडी मारली तरी मोडत नाहीत... मी मागून टेप घेऊन, अगं थांब, माप राहिलंय! जाग येते तर हिचे पाय झोपेतच माझ्या मांडीवर धावत असतात. स्वप्न माझं होतं की हिचं, तेच उमगत नाही.

आणि आज मुलगी आली. ही काय, माझ्या खांद्यावर डोकं टाकून पेंगतेय. लहानपणी चिंध्यांच्या ढिगात झोपायची, तेव्हाही अशीच. नवं घर मिळालंय तिला, कुत्रं चालतं तिथे. दाराशी ती टोपली बघा, आत मऊ गादीसुद्धा आहे. न्यायला आलीय. बरोबरच आहे, तिचंच कुत्रं. मी म्हटलं, ने बाई, सुटलो मी. फक्त आत्ताच डोळा लागलाय टाचणीचा, उठली की ने.

मुलीची दुपारची गाडी गेली.

खरं सांगू? जवळ या. टाचणी मघाशीच उठली होती. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं तिने. आणि मी तिच्या कानात म्हटलं, हलायचं नाही. तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा ऐकलं तिने माझं. मला नाही करमायचं हो हिच्याशिवाय. वाटलं, मुलीला काही कळलं नाही. तर पोरगी डोळे मिटूनच म्हणते, "बाबा, टाचणी नाही, तुम्ही थरथरताय." मी म्हटलं, थंडी आहे. "हो का? मग राहू दे तिला. तुम्हाला ऊब लागते."

टोपली ठेवून जातेय. टाचणीला तिच्याकडे ये-जा करायला.

तुमचा कोट? हां... त्याचं असं आहे, मघाशी मी शाल म्हणालो ना... ती शाल नाही. अस्तर वर आलंय म्हणून तुम्ही ओळखला नाहीत. बाह्या तेवढ्या राहिल्यात. पुढच्या आठवड्यात या. आणि जाताना दार हळू लावा, हिला आता खरंच झोप लागलीय.